पंचनामा झाला, पैसे आले नाहीत: अनुदान नेमकं कुठं अडतं?

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. वडील 2021 मध्ये गेले. 2 हेक्टर 40 आर रान अजून त्यांच्याच नावावर आहे. सप्टेंबर 2025 च्या पावसात सोयाबीन पाण्याखाली गेलं, पंचनामा झाला, तलाठ्यांनी बांधावर उभं करून फोटोही काढला. शेजाऱ्याच्या खात्यावर पैसे पडले, यांच्या पडले नाहीत. बँक म्हणते तहसीलला जा, तहसीलमध्ये म्हणतात ई-सेवा केंद्रावर जा, केंद्रवाला म्हणतो यादीत तुमचं नाव नाही. घरात आई आणि दोघे भाऊ, बहिणीचं लग्न झालेलं. पीएम किसानचा हप्ताही बंद पडलाय. ‘आमचं नेमकं चुकलं काय?’

मी महसुलात 29 वर्षं काढली, आधी तलाठी आणि शेवटी मंडळ अधिकारी म्हणून. आता तलाठ्याच्या पाटीवर ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं लिहिलेलं असतं, पण गावात तलाठीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. तुमच्यासारखे शेकडो अर्ज माझ्या हातून गेले. त्यावरून सांगतो, तुमचं नुकसान कुणी नाकारलेलं नाही. तुमचे पैसे वडिलांच्या नावात अडकलेत.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे चकरा कमी होतील. पंचनामा गटाचा होतो, मदत मंजूर होते खातेदाराला, आणि पैसे जमा होतात आधार क्रमांकावर. तिन्ही जागी एकच माणूस निघाला तर पैसे येतात. तुमच्याकडे गट बरोबर आहे, पण सातबाऱ्यावरचा खातेदार हयात नाही आणि त्याच्या आधारवर आता अंगठा लागणं शक्य नाही. तलाठ्याने यादी भरताना एक तर मयत म्हणून ते नाव वगळलं असेल, नाही तर भरलं असेल आणि पुढे पडताळणीत ते थांबलं असेल. दोन्हींवर उपाय एकच आहे, पण आधी यातलं काय झालंय ते शोधायला लागेल.

ते असं शोधा. तलाठ्याकडे जाऊन ‘पैसे कधी येणार’ हे विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्याकडेही नसतं. गट नंबर सांगा आणि विचारा, ‘पंचनामा पोर्टलवर आमच्या गटाचं बाधित क्षेत्र किती लावलंय, कुणाच्या नावाने लावलंय आणि विशिष्ट क्रमांक पडलाय का?’ विशिष्ट क्रमांक म्हणजे ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात तो. क्रमांक पडला असेल तर तुमचा गट यादीत आहे आणि गाडी पुढे अडलीय. क्रमांकच नसेल तर गट यादीत चढलेला नाही, मग तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत लेखी अर्ज द्यायचा. अर्जाला पंचनाम्याचा फोटो जोडा आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. तोंडी विचारलेल्या गोष्टीचा कार्यालयात माग राहत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. चार वर्षं वारस नोंद झाली नाही. कारण मला माहीत नाही, पण मराठवाड्यात बहुतेक घरांत ते एकच असतं: नोंद केली तर बहिणीचं नाव लागेल. म्हणून भाऊ थांबतात, वाटतं पुढे बघू. 2005 च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. तिला वगळून केलेली नोंद आज ना उद्या वादात जाते आणि तेव्हा अनुदानच काय, पीककर्जही थांबतं. बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर ती नंतर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देऊ शकते. नोंद करताना मात्र आई, दोघे भाऊ आणि बहीण अशी चारही नावं लावा. हे मी फार आग्रहाने सांगतोय, कारण नाव लपवून केलेल्या वारस नोंदीच्या तक्रारी ऐकण्यात माझ्या नोकरीची कितीतरी दुपार गेली आहे.

नोंद करायला वकील लागत नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-वयं-पत्ते असलेलं शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र, आधारच्या प्रती आणि चालू सातबारा एवढं घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा, किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करा. वारस रजिस्टर म्हणजे गाव नमुना 6 क. त्यात चौकशी होऊन वारस ठरतात, मग नमुना 6 मध्ये फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला जातो, नोटीस निघते. हरकतीसाठी 15 दिवस असतात. कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर चारही नावं येतात. कागद पुरे असतील तर महिना-सव्वा महिन्यात हे होतं, मी स्वतः केलेलं आहे. सरकारने 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली ती याचसाठी. बुलढाण्यात आधी करून बघितलं आणि मग सगळीकडे लागू केलं. मोहिमेत तलाठ्याने चावडीवर वाचन करून मयत खातेदारांची यादी काढायची होती. तुमच्या वडिलांचं नाव त्या यादीत होतं का, तेही विचारा. असेल तर निम्मं काम आधीच झालेलं असेल.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने का सांगतोय, त्याला एक कारण आहे. 2019 च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने आमच्या भागातलं सोयाबीन असंच खाल्लं होतं. त्या नोव्हेंबरात राज्यात राष्ट्रपती राजवट होती आणि राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी 8,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी मदत जाहीर केली होती. मी आणि कृषी सहायक पंचनाम्याला एका बाईच्या वावरात गेलो. काळी जमीन, पाय घोट्याच्या वर रुतत होता. तिने गंजीतली एक पेंढी ओढून माझ्या हातात दिली. शेंगा बंदच होत्या आणि त्यांच्या आत दाण्याला कोंब फुटून पांढरी मुळं बाहेर आली होती. कुबट वास येत होता. ती म्हणाली, ‘साहेब, पेरलं तिथंच परत उगवलं बघा.’ नुकसान शंभर टक्के, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मी सातबारा बघितला, त्यावर तिच्या नवऱ्याचं नाव होतं आणि नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. कागदावर जे नाव होतं ते मी पंचनाम्यात लिहिलं आणि पुढच्या गटावर गेलो. पैसे मंजूर झाले, त्या बंद पडलेल्या खात्याकडे गेले आणि परत आले. ती बाई वर्षभर माझ्या सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात, येत राहिली. मी वावरात उभा होतो तेव्हाच ‘मयत, वारस अमुक’ असं लिहून तिचा अर्ज तिथल्या तिथे घेतला असता तर तिचं एक वर्ष वाचलं असतं. त्यानंतर पंचनाम्याला जाताना वारस नोंदीचे कोरे अर्ज मी पिशवीत ठेवायला लागलो.

तुम्हाला किती मिळायला हवं, तेही बघू, म्हणजे कुणी आकडा फिरवला तर कळेल. 2022 ते 2026 या काळाच्या आपत्ती निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये आहेत, तेही नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तर. मर्यादा एरवी दोन हेक्टर. 7 ऑक्टोबर 2025 ला राज्याने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं तेव्हा ती तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 वेगळे धरले. तुमच्या 2.40 हेक्टरात 20 आर पोटखराबा, म्हणजे न पिकणारी जमीन, असेल आणि बाकी 2.20 वर सोयाबीन असेल, तर पिकाचे 18,700 आणि रब्बीचे 22,000, मिळून 40,700 रुपये होतात. चौघांच्या नावावर समान हिश्श्याने लागलं तर प्रत्येकी 10,175. ही रक्कम एकदम पडेलच असं नाही. पिकाची मदत आणि रब्बीची मदत वेगवेगळ्या वेळी जमा झालेली आहे, त्यामुळे पहिली रक्कम कमी दिसली म्हणून घाबरू नका. पण शेजाऱ्याच्या रकमेशी तुलना मात्र करू नका. त्याचं क्षेत्र, त्याचं पीक आणि खात्यावरचा त्याचा हिस्सा वेगळा असतो.

सामायिक खात्यात आणखी एक मेख असते. चौघांची नावं लागली आणि पैसे एकाच्याच खात्यावर हवे असतील तर बाकी तिघांचं संमतीपत्र द्यावं लागतं. 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनचं हेक्टरी 5,000 रुपयांचं अर्थसहाय्य 2024 मध्ये वाटलं, तेव्हा याच संमतीपत्रांपायी गावोगाव याद्या अडून राहिल्या होत्या. माझा सल्ला असा की आईच्या नावाने संमती द्या. काही घरांत याच्या उलटं असतं. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं नाव एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून जुन्या काळापासून चढलेलं असतं, पैसा त्याच्याकडे जातो आणि धाकटे रोज कसत असूनही कोरडे राहतात. तसं तुमच्याकडे काही असेल तर ते याच फेऱ्यात काढून टाका.

नावं लागल्यावर लगेच प्रत्येकाचा फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, काढा. 15 एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांना तो सक्तीचा झाला आहे. सातबाऱ्यावर नाव नसेल तर तो निघतच नाही, म्हणून वारस नोंद आधी. 2025 च्या मदतीच्या वेळी फार्मर आयडी असलेल्यांना वेगळी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करावी लागली नाही, यादीतून थेट पैसे गेले. तुमच्या शेजाऱ्याला आधी मिळाले, त्यामागे बहुधा एवढंच कारण आहे. मयताच्या वारसांना आणि सामायिक खातेदारांना विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर अंगठा देण्याचा जुना रस्ता राहतो. केंद्रावर अंगठा लागला की एक पावती निघते. ती मागून घ्या आणि जपून ठेवा. खात्याचा आणि क्षेत्राचा तपशील मात्र अंगठा लावायच्या आधीच बघून घ्या, चूक असेल तर तेव्हाच दिसते. तिथेच हरकत नोंदवा, एकदा मान्य केलं की दुरुस्ती लांबते.

अंगठ्यावरून आठवलं. तुमच्या आईचं वय मला माहीत नाही, पण जन्मभर खुरपं धरलेल्या आणि कापूस वेचलेल्या हातावर रेघा उरत नाहीत. केंद्रावर मी बघितलंय, म्हातारी माणसं बोट पदराला पुसतात, पाण्यात बुडवतात, दहाही बोटं लावून बघतात, मशीन लाल दिवाच दाखवतं, आणि मागचा रांगेतला माणूस ओरडायला लागतो. अशा वेळी माघारी यायचं नाही. डोळ्याच्या बुबुळाचं मशीन कुठे आहे ते विचारा, तालुक्याच्या एखाद्या केंद्रावर असतं. पीएम किसानच्या केवायसीला तर चेहरा दाखवूनही काम होतं, 2023 पासून मोबाइल ॲपवर ती सोय आहे. आणि आधार केंद्रावर एकदा आईचे बोटांचे ठसे आणि बुबुळं नव्याने नोंदवून घ्या, पुढची प्रत्येक योजना सोपी जाईल.

आता बँक. तुम्ही पासबुकाची झेरॉक्स दिली म्हणजे त्याच खात्यावर पैसे येतील असं नसतं. आधारवरचं पेमेंट एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नोंदीत सगळ्यात शेवटी जी बँक जोडली असेल तिथे जातं. 2024 मध्ये लाडक्या बहिणीच्या वेळी कितीतरी बायांनी पोस्टाच्या बँकेत नवी खाती काढली आणि आधार तिथे जोडलं गेलं. पुढे अनुदान आलं ते त्या खात्यात, आणि घरचे जुनं पासबुक भरून भरून थकले. माझ्या नात्यातल्या एका मावशीचे पैसे पाच महिने पोस्टात पडून होते, आम्ही मात्र तहसीलला बोल लावत होतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती दिसते. चौघांची बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

पैसे आले आणि बँकेने थकीत कर्जात वळते केले किंवा खात्याला होल्ड लावला, असंही होतं. एका शाखेत एका शेतकऱ्याची सगळी मदत अशी अडवलेली मी पाहिली आहे, आणि त्याच्या मुलीच्या वसतिगृहाची फी त्याच पैशांवर होती. मदतीच्या शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेलं असतं की या रकमेतून बँकेने कोणतीही वसुली करू नये. त्या निर्णयाची प्रत काढा, त्या ओळीखाली पेनाने रेघ मारा आणि लेखी अर्जासोबत शाखाधिकाऱ्याला द्या, एक प्रत तहसीलदाराला. त्या शेतकऱ्याचा होल्ड दोन दिवसांत निघाला होता.

पीएम किसानबद्दल. वडिलांच्या नावाचा हप्ता बंद झाला ते बरोबर झालं. मृत्यूनंतरही काही हप्ते त्यांच्या खात्यावर आले असतील तर ते काढून खर्च करू नका, वसुली निघते. योजनेत जमीन 1 फेब्रुवारी 2019 च्या आधी नावावर हवी अशी अट आहे, पण वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे, त्यामुळे तुम्ही बसता. नव्याने नोंदणी करताना जुना फेरफार आणि वारसाचा फेरफार दोन्ही जोडा, एकच जोडला की अर्ज परत येतो. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुलं. म्हणून आई एक कुटुंब, तुम्ही दोघे भाऊ दोन वेगळी कुटुंबं, तिघांचे स्वतंत्र अर्ज होऊ शकतात. मात्र कुणी आयकर भरत असेल तर त्याचा अर्ज करू नका. बहिणीच्या घरी तिच्या नवऱ्याला हप्ता मिळत असेल तर तिचा वेगळा होणार नाही. पीएम किसान सुरू झालं की राज्याचा नमो शेतकरी सन्मानचा हप्ता आपोआप येतो, त्याला वेगळा अर्ज नाही.

पीक विमा या सगळ्याशी जोडू नका, ते वेगळं खातं आहे. एक रुपयाचा विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला आणि आता भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर ठरते. एकट्याच्या वावरात पाणी साचलं तरी मंडळाचं सरासरी उत्पादन घटल्याशिवाय पैसे येत नाहीत. मला हा बदल पटलेला नाही. नदीकाठच्या आणि माळावरच्या रानाला एकच माप लावल्यावर नदीकाठचा नेहमी मरतो, आणि सीनेच्या काठची गावं हे 2025 मध्ये बघून बसली आहेत.

एक शेवटचं, आणि हे पुढच्या हंगामासाठी. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, स्वतः करा, वावरात उभं राहून, पिकाचा फोटो काढून. 2023 मध्ये कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान होतं, 200 क्विंटलपर्यंत. विक्रीची पट्टी हातात, बाजार समितीची पावती हातात, आणि सातबाऱ्यावर मात्र कांदा नाही, अशी हजारो माणसं अडकली. नंतर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकाच्या समितीने पाहणी करून मार्ग काढला, पण तोवर महिने गेले. तुमच्या सातबाऱ्यावर बारा नंबरला, म्हणजे पिकांच्या नोंदीत, ‘पड’ लागलं असेल तर समोर सोयाबीन कुजत असलं तरी कागदाच्या लेखी तिथे काही नव्हतं.

मध्ये कुणी ‘साहेबांना सांगून नाव घालतो, इतके द्या’ म्हणत आला तर त्याला दारात उभं करू नका. जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडे याच अनुदानाच्या याद्यांमध्ये बोगस नावं घुसवल्याचं प्रकरण 2025 मध्ये बाहेर आलं आणि तलाठी निलंबित झाले. तिथे खरा खड्डा पडला तो खऱ्या शेतकऱ्यांना, कारण त्यानंतर प्रत्येक यादी संशयाने बघितली जायला लागली. तहसीलने महिनाभरात उत्तर दिलं नाही तर माहिती अधिकारात गावाची बाधित यादी मागा, आणि तरीही काम हललं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथे पोच जोडून जा.

म्हणजे सोमवारी सज्जावर जाताना पिशवीत एवढं हवं: वडिलांचा मृत्यूचा दाखला, चालू सातबारा आणि आठ अ (खात्याचा उतारा), चौघांचे आधार, पंचनाम्याचा फोटो आणि दोन प्रतींत अर्ज. बहिणीला आदल्या दिवशी फोन करून सगळं सांगा, तिची सही लागेल. आणि आईला सोबत न्या. तलाठ्यासमोर ती स्वतः बसलेली असेल तर अर्ज बाजूला सारणं त्याला जड जातं, हे मी त्या खुर्चीत बसून अनुभवलेलं आहे.